बोरीची लाट

संघदीपच्या कॉम्प्युटरवर दीपमालाचा आवाज टेकड्यांसारखा दिसत होता. एक टेकडी, मग उतार, मग पुन्हा टेकडी. यवतमाळच्या बसस्टँडजवळ मोबाइलच्या दुकानावर ही खोली. भिंतींना काळा फोम चिकटवलेला, मधोमध काच, काचेपलीकडे माइक. धर्मपाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्या टेकड्यांकडे बघत होता. चौऱ्याहत्तर वर्षांत त्याने आवाज पुष्कळ ऐकला होता, पण दिसला आज पहिल्यांदा.

"बाबाजी, हे पाहा," संघदीप म्हणाला. "पोरीचा आवाज जाते न येते, जाते न येते. माइक तिथंच, तोंड तिथंच, मंग असं काहून?"

"तिले तसंच शिकवलं हाय."

"पन डीजेवर हे टिकत नाई ना. आवाज आत गेला का ढोल त्याले खाऊन टाकते. थांबा, याले समान करतो."

त्याने दोन-तीन ठिकाणी बोट दाबलं. टेकड्या खाली बसल्या, उतार भरून आले, आणि सगळं गाणं शेताच्या बांधासारखं एका उंचीचं झालं. मग त्याने ते वाजवून दाखवलं. आवाज दीपमालाचाच, शब्द धर्मपालचेच, चालही तीच. काहीतरी मात्र निघून गेलं होतं.

काचेमागून दीपमाला तरातरा बाहेर आली. धर्मपालची ही नात दारव्ह्याच्या कॉलेजात शिकते, आणि आजोबांचं जुनं गाणं जयंतीच्या मिरवणुकीसाठी नव्याने रेकॉर्ड करायचं, हे तिनेच कमिटीच्या गळी उतरवलं होतं.

"दादा, लाट कुठं गेली?"

"समान केली."

"मंग हे गानं नाई राह्यलं, डांबरी रोड झाला. आजीनं मले दोन वर्षं बसवून शिकवलं हे. येवतमाळात कोनाले बी विचार, बोरीची लाट म्हनते त्याले." मग ती धर्मपालकडे वळली. "आबाजी, तुमीच सांगा. गानं तुमचं हाय. लाट ठेवाची का काढाची?"

दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. प्रश्न सोपा होता. पन्नास वर्षांपूर्वी हाच प्रश्न दुसऱ्या एका माणसाने विचारला होता, आणि धर्मपालने त्याचं उत्तर फार लवकर दिलं होतं.

"रविवारपर्यंत थांबा," तो उठत म्हणाला. "मले नेरले जाऊन येऊ द्या."

"नेरले? गान्याचं न नेरचं काय?"

धर्मपालने चपला शोधल्या आणि जिना उतरायला लागला.

*

धर्मपाल बोरी अरबचा. त्याचं पोट गवंडीकामावर आणि नाव गाण्यावर. गावातल्या निम्म्या भिंती त्याने उभ्या केल्यात, पण रस्त्याने जाताना लोक म्हणणार, हे लाटवाले धर्मपालभाऊ. भिंतवाले कुणी म्हटलं नाही.

लाट आली ती रेडिओबरोबर. सहासष्ट साली धर्मपालचा चुलता राजूरच्या कोळसा खाणीतून सुट्टीवर आला, तो लाकडी खोक्याचा रेडिओ घेऊन. आत विटेएवढी बॅटरी. तांब्याची तार कडुनिंबाला बांधली आणि खोकं विहाराच्या ओट्यावर ठेवलं. दोनच स्टेशनं लागायची. नागपूर अगदी स्वच्छ, शेजारच्या घरातून कुणी बोलावं तसं. दुसरं सिलोन, समुद्रापलीकडच्या श्रीलंकेचं. सिलोनचा आवाज नदीच्या पलीकडून आल्यासारखा यायचा. भरभरून यायचा, मग हळूहळू आत ओढला जायचा, इतका की पोरं खोक्याला कान लावायची, आणि आता संपलंच म्हणता म्हणता पुन्हा पूर यावा तसा भरून यायचा.

पोरांनी त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला. नागपूरचे गाणारे साधे, म्हणून सरळ गातात. सिलोनवर गाणाऱ्या बाया थोर. त्यांना आवाज पोटात घेता येतो आणि पुन्हा बाहेर सोडता येतो. गाणं म्हणजे तेच. त्या काळी रेडिओवरच्या बाया गायच्याही सुईत दोरा ओवावा इतक्या बारीक आवाजात. बोरीची मिसरूड फुटलेली पोरंही तशीच बारीक गायला लागली, आणि त्याच्यावर ही लाट.

गाणं आठवड्यात एखाद्या वेळी लागायचं. ते पुन्हा ऐकायची काही सोय नव्हती. म्हणून पोरांनी कामं वाटून घेतली होती. एकाने शब्दांकडे बघायचंच नाही, नुसती मुखड्याची चाल पकडायची. दुसऱ्याने अंतऱ्याची. मुखडा श्रावणचा, अंतरा धर्मपालचा. श्रावण हा धर्मपालचा शेजारी, दोघांच्या घरांत एकच भिंत. वयाने वर्षभर मोठा, आणि गळा सगळ्यांत गोड. गाणं संपलं की दोघं ओठ मिटून, एक हात कानावर ठेवून विहिरीकडे चालू लागायचे, डोक्यावर भरली घागर असल्यासारखे. वाटेत कुणी हाक मारली आणि तोंडातून हूं जरी निघालं तरी चाल सांडायची. वस्तीला हे ठाऊक झालं होतं. कुणी नवखा बोलायला गेलाच तर बाया त्याला अडवायच्या, "बोलू नका पोराशी, चाल घेऊन चालला थो." विहिरीवर पोचल्यावर श्रावण मुखडा ओतायचा, धर्मपाल अंतरा. दोन तुकडे जुळले की त्या चालीवर धर्मपाल आपले शब्द बसवायचा. बाबासाहेबांवरचे, बुद्धावरचे, वस्तीच्या जगण्यावरचे. अशी त्यांची गायन पार्टी तयार झाली. पाच गळे, एक पेटी, एक ढोलकी, दोन झांजा.

लाट बसवायला धर्मपालला दोन वर्षं लागली. कंदिलाची वात खाली-वर करावी तसा तो हात करायचा, आणि पाची गळे एकाच वेळी आत जायचे, एकाच वेळी बाहेर यायचे. एक जरी आधी आला तरी सगळं पहिल्यापासून.

चौऱ्याहत्तर साली श्रावण एका इमारतीच्या कामावर दोन महिने यवतमाळला राहिला आणि तिथे त्याने सिनेमा पाहिला. धर्मपालचं 'उंबऱ्यात दिवा ठेवला, उजेड शिवारी गेला' हे गाणं ज्या चालीवर बांधलं होतं, ते मूळ गाणं त्या सिनेमात होतं. श्रावण परतला त्याच दुपारी विहारात तालीम होती. तीन दिवसांवर पांढरकवड्याचा गाण्यांचा मुकाबला. जिल्ह्यातल्या आठ पार्ट्या येणार होत्या. तालीम ऐकायला अर्धी वस्ती बसलेली.

"धर्म्या," श्रावण म्हणाला, "लाट नाई हाय गान्यात."

"म्हंजे?"

"बाई सरळ गाते. पयल्यापासून आखरीपर्यंत सरळ. लाट रेडिओची हाय. हवेनं होते थे."

"अन् हवेले चालीची अक्कल हाय काय बे?" ढोलकीवाला म्हणाला. चारजण हसले.

"बरं, एक सांगा," श्रावण म्हणाला. त्याला खरंच सांगायचं होतं, भांडायचं नव्हतं. "गान्याच्या आधी थो मानूस बोलते, कोनाचं गानं हाय ते सांगते. थो बी असाच, जाते न येते. मंग थो बी गाऊन राह्यला काय?"

ढोलकीवरचा हात थांबला. पोरं धर्मपालकडे बघायला लागली. धर्मपाल लगेच म्हणाला, "थो बी कलाकारच हाय. सिलोनले कोनी असातसा मानूस ठेवते काय?"

विहार हसून हसून लोळला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, म्हातारे खोकेपर्यंत हसले. श्रावण उभाच होता.

"मी सरळ गाईन," तो म्हणाला.

"मंग पार्टीत नको गाऊ. घरी गाय, कोंबड्याइले ऐकव."

पुन्हा हसू. श्रावणने हातातली झांज सतरंजीवर ठेवली, एकावर एक नीट, आवाज न करता. दुसऱ्या दिवशी तो नेरला बहिणीकडे निघून गेला. नंतर कळलं की तिथल्या बँडमध्ये गायला लागला.

पांढरकवड्याला बोरीची पार्टी पहिली आली. हायवेवरचे ट्रकवाले गाड्या लावून ऐकत उभे राहिले होते. परीक्षक मास्तर म्हणाले, आवाज दूर जातो आणि परत येतो, असं आम्ही कुठे ऐकलं नाही. पितळेची ढाल मिळाली. 'बोरीची लाट' हे नावही त्याच दिवशी पडलं.

*

चौऱ्याऐंशी साली धर्मपालने टेपरेकॉर्डर घेतला आणि जुन्या गाण्यांची कॅसेट आणली. तिच्यावरचं दुसरंच गाणं 'उंबऱ्यात दिवा'चं मूळ गाणं निघालं. बाई सरळ गात होती. त्याने कॅसेट मागे फिरवून तीनदा ऐकलं, मग काढून गोधड्यांच्या पेटीत तळाशी टाकली. कॅसेट आली तेव्हा आपल्याला कळलं, असं तो स्वतःला सांगत आला.

त्या दिवसापासून तो लाट थोडी थोडी कमी करू लागला. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोवर लोकांचे कानच बदलत होते. बारीक आवाजाला लोक आता मेंगळट म्हणायला लागले होते. कव्वालीसारखा फुटलेला, छाती पुढे काढून गायचा गळा पाहिजे होता. पेटीशेजारी बेंजो आला. मग इकोचं मशीन आलं, आणि चार-पाच वर्षं असं झालं की जय भीम म्हटलं तरी भीम-भीम-भीम ऐकू आलं पाहिजे, नाहीतर पार्टी गावठी. मग ऑर्केस्ट्रा आला. हुबेहूब सिनेमातल्यासारखं गाणारा तो मोठा, स्वतःचा आवाज असलेला लहान. धर्मपालने प्रत्येक वेळी थोडं थोडं बदलून पाहिलं. गवंड्याला ते जमतं, वीट बदलली की माप बदलायचं. पण डीजे आल्यावर गाणाऱ्याचीच गरज उरली नाही, आणि दोन हजार तीन साली पार्टी बंद झाली. आताची पोरं ऐकतात त्यात गळ्यात मशीन बसवल्यासारखा आवाज असतो. धर्मपालला त्याचा राग येत नाही. आपणही एका मशीनकडूनच शिकलो, हे त्याला माहीत आहे.

लाट राहिली ती घरात, इंदूबाईंकडे. धर्मपालची बायको लग्न होऊन आली ती पांढरकवड्याच्या ढालीनंतर दोन वर्षांनी. तिने लाट उचलली ती सोडली नाही. पाळण्यालाही लाट, दळतानाही लाट, आणि आता नातीच्या गळ्यातही तीच. धर्मपाल सरळ गायला लागला तेव्हा तिने एकदाच विचारलं होतं, "तुमची लाट कुठं सांडली हो?" त्याने ऐकलं नाही असं दाखवलं होतं.

*

दारव्ह्याला गाडी बदलून धर्मपाल नेरला पोचला तेव्हा अकरा वाजले होते. कापूस मार्केटच्या मागच्या गल्लीत दोघांना विचारावं लागलं. श्रावण ओसरीवर बसून चिंचा फोडत होता. डोक्यावर एक केस उरला नव्हता, पण बसायची ढब तीच, एक गुडघा वर.

"जय भीम, श्रावण."

"जय भीम. कोन?" त्याने डोळे बारीक केले, बराच वेळ बघितलं. "आवाज बसला तुहा. म्हून वळखू नाई आला."

"पन्नास वर्षं झाली."

"एकावन. बस." त्याने चिंचांचा ढीग अर्धा करून धर्मपालपुढे सरकवला. "बसलाच हाय तं फोड."

दोघं चिंचा फोडू लागले. टरफल एकीकडे, चिंचोका दुसरीकडे. धर्मपालच्या मनात गाडीत बसल्यापासून जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही कामाचं राहिलं नाही.

"तू खरं सांगत होता," तो म्हणाला. "बाई सरळच गाते."

"हे सांगाले एवढ्या उन्हाचा आला?"

"हां."

"मले ठाऊक होतं ना. म्या पिच्चर पाह्यला होता." श्रावणने चिंचोका उडवला. "पन तुले गंमत सांगतो. इथं आलो, ब्यांडात भरती झालो. पयल्याच वरातीत सरळ गायलो, मस्त, जसं पिच्चरमंधी होतं तसं. लोकं म्हनते, हा बोरीचा ना? मंग लाट कुठं हाय? तोवर तुमची ढाल गाजली होती. मास्तर म्हने, लाट गाय नाईतं वापस जाय. वापस कुठं जाऊ? गायलो लाट. तीस वर्षं लाट गाऊन पोरं वाढवली म्या."

धर्मपालचा हात थांबला. "अन् म्या लाट सोडली. चौऱ्याऐंशीपासून सरळ गायलो."

"म्हंजे तू सरळ न मी लाट?"

"हां."

श्रावण हसायला लागला. इतका हसला की आतून सुनेने डोकावून पाहिलं. "घ्या," तो डोळे पुसत म्हणाला, "तुहा मुकाबला मी मारला न माहा तू मारला." मग हसू हळूहळू निवलं आणि त्याने विचारलं, "तुले कळलं कधी?"

"कॅसेट आली तवा. चौऱ्याऐंशीले."

श्रावणने हातातली चिंच खाली ठेवली.

"धर्म्या, मी थ्या बोलनाऱ्या मानसाचं इचारलं ना, तवा समदे तुह्याकडे पाहत होते, न मी बी तुह्याकडंच पाहत होतो. तुहा चेहरा पाह्यला म्या."

धर्मपालने एक अख्खी चिंच सोलली. शिरा काढल्या, चिंचोके काढले, गर ताटात ठेवला.

"त्याच दिवशी कळलं," तो म्हणाला.

"हां."

"तीन दिवसांवर पांढरकवडा होतं. पाच गळे दोन वर्षं बसवले होते. सोडून देऊन सरळ कसं—"

"थे मले समजते. मी काय तुले म्हनलो होतो का ढाल आनू नको? आडोशाले घेऊन मले म्हनला असता, श्रावण, तुहं बरोबर हाय पन सध्या चूप राय, तं मी चूप राह्यलो असतो. मागं बसून नुसतं तोंड हलवलं असतं. तू माह्यावर लोकाइले हसवलं बे. समद्या वस्तीत. माही माय बसली होती तिथं, थे बी हसली."

गल्लीतून भाजीवाल्याची गाडी गेली. त्याचा भोंगाही रेकॉर्ड केलेला, कांदे-बटाटे एका सुरात.

"आता काय करू, सांग."

"माह्या ओसरीवर येऊन सांगून काय होते? काढलं चार लोकांत, तं सांगजो चार लोकांत. अन् पूर्न सांगजो. कॅसेटवालं नको सांगू."

धर्मपालने मान हलवली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "सरळ येते काय अजून तुले?"

श्रावणने घसा साफ केला. "उंबऱ्यात दिवा ठे..." इथपर्यंत आवाज सरळ आला, आणि मग कुणी दोरी ओढावी तसा आत गेला, आणि परत आला.

"गेलं, पाय," तो म्हणाला. "हाडात बसली लेकाची."

"रविवारी विहारात सांगतो. येशीन?"

"पाहीन," श्रावण म्हणाला, आणि पुन्हा चिंचा फोडायला लागला.

*

रविवारी सकाळी धर्मपाल शर्ट घालता घालता तिसऱ्यांदा खाली बसला, तेव्हा इंदूबाई म्हणाल्या, "सत्कार हाय का फाशी?"

त्याने आदल्या रात्री तिला सगळं सांगितलं होतं. ती ऐकून एवढंच म्हणाली होती, "म्हंजे मले लाटेनं नादी लावलं न तुमाले सुरुवातीपासून ठाऊक होतं." मग, "श्रावणभाऊंचं लोकांत सांगाच. न सांगितलं तं मी सांगीन."

विहारात पन्नासेक लोक जमले होते. कमिटीने फलक लावला होता, 'लाटसम्राट धर्मपाल यांचा मुलाखत सोहळा'. हे नाव कुणी ठरवलं ते कळायला मार्ग नव्हता. काचेच्या कपाटात पितळेची ढाल घासूनपुसून ठेवलेली. संघदीप यवतमाळहून माइक आणि लॅपटॉप घेऊन आला होता, दीपमाला त्याच्या शेजारी. पुढे सतरंजीवर सुखीबाई बसल्या होत्या, वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. चौऱ्याहत्तर सालच्या तालमीला त्याही होत्या.

साडेदहा झाले. दारव्ह्याकडून येणारी गाडी थांबल्याचा आवाज आला. धर्मपाल दाराशी गेला.

रस्त्याने श्रावण येत होता. ओठ घट्ट मिटलेले, डावा हात कानावर. पावलं अशी, जशी डोक्यावर भरली घागर आहे. कमिटीचा एकजण पुढे होऊन म्हणाला, "जय भीम बाबाजी, कुठून आले?" श्रावण त्याच्याकडे न बघता चालत राहिला. दुसऱ्याने हाक मारली, तरी नाही.

"बहिरे हायेत काय?" संघदीपने विचारलं.

धर्मपाल दारातून पुढे झाला. "बोलू नका त्याच्याशी," तो मोठ्याने म्हणाला. "चाल घेऊन आला थो."

तरुणांना काही समजलं नाही. सुखीबाईंना समजलं. त्यांनी शेजारच्या दोघींना मागे ओढलं आणि वाट करून दिली. श्रावण येऊन सतरंजीवर बसला, एक गुडघा वर, हात कानावरच. त्याने एकदाच धर्मपालकडे पाहिलं.

धर्मपाल माइकपुढे उभा राहिला. पस्तीस वर्षं लोकांपुढे गाण्यात गेली, पण नुसतं बोलायला कधी उभा राहिला नव्हता.

"लाट माही नाई," तो म्हणाला. "लाट रेडिओची हाय. सिलोनचं स्टेशन दूर होतं, म्हून आवाज जाये न येये. मूळ गान्यात असं काही नाई. आमाले वाटलं का हेच गानं. चुकीचं शिकलो, न चुकीचंच शिकवलं."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग सुखीबाई म्हणाल्या, "म्हंजे पांढरकवड्याची ढाल रेडिओनं जिंकली होय काय रे?"

"मंग रेडिओलेच देऊन टाका," मागून कुणीतरी म्हणालं, आणि आता मात्र सगळे हसले. धर्मपालही हसला. हसू ओसरायची त्याने वाट पाहिली.

"हे मले पयले या श्रावणनं सांगितलं. याच जागी. मी त्याच्यावर लोकाइले हसवलं. पार्टीतून काढून टाकलं. त्याचं खरं होतं. मंग जवा टेपरेकॉर्डर घेतला, कॅसेट आनली..."

तो थांबला. इथेच थांबता आलं असतं. लोकांच्या माना हलायला लागल्या होत्या, होते चूक माणसाच्या हातून, असं म्हणणाऱ्या. श्रावणला मध्ये बोलता येत नव्हतं. एक हूं निघाला तर नेरपासून आणलेली चाल सांडली असती. तो नुसता बघत होता.

"कॅसेट नाई," धर्मपाल म्हणाला. "कॅसेटचं खोटं हाय. मले त्याच दिवशी कळलं होतं. त्यानं इचारलं, रेडिओवर बोलनारा मानूस बी गाऊन राह्यला काय, तवाच कळलं. कळलं, म्हून तं त्याच्यावर हसवलं. नसतं कळलं तं इचार केला असता."

सुखीबाई मान खाली घालून पदराचं टोक चोळत होत्या. "आमी बी हसलो होतो," त्या हळू म्हणाल्या. "श्रावणची माय बी. मी तं लय हसली होती."

धर्मपाल माइक सोडून खाली उतरला आणि श्रावणच्या समोर सतरंजीवर बसला.

श्रावणने कानावरचा हात काढला, आणि तोंड उघडलं. उंबऱ्यात दिवा ठेवला, उजेड शिवारी गेला. आवाज म्हातारा होता, कडेला खरखरत होता. 'ठेवला'पाशी तो डगमगला. श्रावणने डोळे मिटून घेतले, मानेच्या शिरा ताणल्या, आणि आवाज आत जाऊ दिला नाही. सरळ नेला. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हाही सरळ. दीपमालाने हे गाणं असं कधीच ऐकलं नव्हतं. ती तोंडावर हात ठेवून ऐकत होती. संघदीपने लॅपटॉपवरून बोट उचलून मांडीवर ठेवलं.

मुखडा संपला. श्रावणने दम घेतला, चारी बाजूंना बघितलं, जसं काही प्रत्येकाने ऐकलं की नाही ते मोजून घेत होता. मग धर्मपालच्या गुडघ्यावर थाप मारली.

"माहं झालं," तो म्हणाला. "अंतरा तुह्याकडं होता. घे."

धर्मपालने घसा खाकरला. मग त्याचा उजवा हात आपोआप वर आला, कंदिलाची वात धरल्यासारखा, लाटेची खूण द्यायला, आणि त्याने इंदूबाईंकडे आणि दीपमालाकडे पाहिलं.